ओरिजिनेटवाले साडूभाऊ

जगातली कुठली वस्तू कुठून आली, एवढं एकच पाहण्यासाठी देवानं एखाद्या माणसाला जन्माला घातलं असेल, तर तो माणूस म्हणजे आमचे साडू. वस्तू पुढं कुठं जाते, तिथं जाऊन काय करते, टिकते की मोडते, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ती आली कुठून, आणि त्या येण्याला इंग्रजीत नेमकं कुठलं क्रियापद लागतं, एवढं ठरलं की त्यांना जेवण गोड लागायचं. नाही ठरलं तर ताटातली आमटी गार व्हायची, आक्का, म्हणजे त्यांची बायको, ती पुन्हा तापवून आणायची, आणि हे हातात घास धरून छताकडं बघत बसायचे. नवख्या माणसाला वाटायचं, पाल बघतायत.

माझी बायको धाकटी आणि त्यांची थोरली, एवढंच आमचं नातं. ते देहूरोडला लष्कराच्या एका कचेरीत कारकून, आणि मी पिंपरीच्या शेजारच्या खेड्यातला शेतकरी. मी चौथीच्या वर्गात बसलो, पण चौथी माझ्यात काही बसली नाही, आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही. बैलाला काय, हाक कळली म्हणजे झालं. पण साडूभाऊंना माझ्याविषयी दया यायची. आता ती दया त्यांच्या मनातून इमॅनेट व्हायची की ओरिजिनेट, हे तेच सांगू शकले असते, आणि सांगायला लागले असते तर दिवस मावळला असता.

दिसायला म्हणाल तर उंच, काटकुळे, मान पुढं काढून चालायचे. अंगात कोपराला चकाकी आलेला कोट, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि सायकलच्या कॅरिअरला खाकी कापडात बांधलेली एक डिक्शनरी. ट्यूबच्या कापलेल्या पट्टीनं ती अशी आवळलेली असायची, की जणू पळून जाईल. गोरे साहेब देश सोडून निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला होता. बाकीच्या बाबूंनी टेबलं घेतली, खाटा घेतल्या. एकानं तर साहेबाचं चिनी मातीचं कमोड घेतलं आणि अंगणात ठेवून त्यात जास्वंद लावली. साडूभाऊंनी ही डिक्शनरी घेतली. आक्का मला म्हणायची, "त्या बाबूच्या जास्वंदीला फुलं तरी येतात. आमच्या घरात काय आलं?"

हा नाद त्यांना लागला तोही एका साहेबामुळंच. नवी नोकरी असताना त्यांनी कुठल्याशा कागदावर लिहिलं होतं की मीठ अमुक ठिकाणाहून येतं. साहेबानं त्या 'येतं'भोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला, बोलावून घेतलं आणि म्हणाला, "बाबू, कुत्रं येतं. माल ओरिजिनेट होतो." एवढंच. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून बाहेर आला असता आणि विसरला असता. साडूभाऊंना तो गुरुमंत्र वाटला. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'येणे' हा शब्द गेला तो गेलाच. आमच्या घरी पाहुणे म्हणून आले तरी दारातून "आलो हं" असं म्हणायचे नाहीत. सायकलची घंटी वाजवायचे.

त्यांचं म्हणणं असं, की आपल्या मराठीनं 'येणे' या एका शब्दावर फार ओझं टाकलंय. ओसरीवर बसून मला समजावून सांगायचे. "हे बघा राव, तुमच्यात पाहुणा येतो, ताप येतो, वास येतो, पूर येतो, झोप येते, रागसुद्धा येतो. सगळ्यांना एकच दार! साहेबाच्या घरी तसं नसतं. तिथं प्रत्येकाला वेगळं दार. नदीला राइज, वासाला इमॅनेट, हुकमाला इश्यू, माणूस आपलं गाव सांगतो त्याला हेल, आणि मालाला नि घराण्याला ओरिजिनेट. एकाच्या दारानं दुसरा शिरला की साहेबाचा दरवान बाहेर काढतो."

मी म्हणालो, "आमच्यात एकाच दारानं सगळी येत्यात, म्हणून तर घर भरल्यालं असतं."

त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता माझ्या अज्ञानाचं मूळ शोधायला डिक्शनरी सोडतायत.

एकदा मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो. आक्का चुलीवर तव्यात भाकरी टाकून शेजारणीकडं विरजण आणायला गेली आणि जाताना म्हणाली, "अवो, लक्ष ठेवा." साडूभाऊंनी लक्ष ठेवलं. अगदी चुलीपुढं पाट घेऊन बसले. थोड्या वेळानं वास सुटला, मग धूर निघाला. साडूभाऊ मला म्हणाले, "बघा, वास इमॅनेट होतोय. धूर मात्र इश्यू होतोय. पण करपणं? ते अराइज होतं की डेव्हलप होतं?" आक्का परत आली तेव्हा घरात धूर कोंडला होता आणि डिक्शनरी उघडी होती. ती माझ्यावरच भडकली. "तुमी तरी उलटायची की भाऊजी! तुमाला कुटं विंग्रजी येतंय?"

दाढ दुखायला लागली तेव्हा चिंचवडच्या एका डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी सरळ विचारलं, कळ कुठून येते? हे म्हणाले, "डॉक्टर, ती ओरिजिनेट खालच्या दाढेतून होते, मग कानाकडं प्रोसीड होते, आणि रात्री कपाळातून इमॅनेट होते. आपण यातलं नेमकं काय विचारताय?" डॉक्टरांच्या बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी जी हाताला लागली ती दाढ उपटली. ती शेजारची होती. साडूभाऊ गाल धरून आमच्याकडं आले. मी डॉक्टरांना चार शिव्या घातल्या, तर मलाच हात करून थांबवलं आणि सुजल्या तोंडानं म्हणाले, "दोष त्यांचा नाही. प्रश्नच ढोबळ होता."

चाकणच्या बाजारात माझ्या ओळखीचा एक कांद्याचा व्यापारी होता. त्याचा माल मुंबईला जायचा, आणि तिथला कुणी पेढीवाला म्हणाला होता की पोत्यावर इंग्रजीत लिहा, माल कुठला ते. मी साडूभाऊंना घेऊन गेलो. पोती रचलेली, ट्रक उभा, रंगाचा डबा उघडा, ब्रश हातात. साडूभाऊंनी पहिल्या पोत्यासमोर मांडी ठोकली. व्यापारी म्हणाला, "लिवा, कांदा चाकणचा."

"तसं लिहून चालत नाही शेठ. क्रियापद हवं. हेल लावता येणार नाही. हेल म्हणजे स्वतः सांगायचं, मी अमक्या गावचा. कांदा सांगतो का?"

"आवो, चिरला की साऱ्या घराला सांगतो की!"

साडूभाऊ विचारात पडले. हा मुद्दा डिक्शनरीत नव्हता. ते विचार करत असतानाच ड्रायव्हरनं कोरी पोती भरली, आणि कांदा मुंबईला निनावी गेला. व्यापारी पुढं कितीतरी दिवस मला बाजारात बघितलं की विचारायचा, "काय राव, ठरलं का कांद्याचं?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण मग आमच्याकडं कंपनी आली. गावाच्या पूर्वेची सगळी वावरं तिच्या कुंपणात गेली, माझं खोलगट लवणातलं ज्वारीचं वावरही गेलं. ते रडगाणं मी इथं गाणार नाही. गेलं ते गेलं. कंपनीचे लोक म्हणाले, स्थानिक माणसाला आधी काम देऊ. मला ते काम हवं होतं, कारण ते मिळालं नाही तर मुंबईला माझ्या चुलतभावाच्या गिरणीत जायचं, एवढी एकच वाट राहिली होती. चुलतभाऊ गिरणीतून सुटीवर आला की खोकायचा आणि रविवारी दुपारी झोपेत गावातल्या म्हशींची नावं घ्यायचा. मला गाव सोडायचं नव्हतं. बायकोनं तर सांगून टाकलं होतं, "तुमी जावा. मी हितंच ऱ्हाणार. म्हशीला मुंबई न्हाई मानवत." म्हशीचं नाव पुढं करून ती स्वतःचं सांगत होती, हे मला कळत होतं.

आता अर्ज इंग्रजीत हवा होता, कारण माणसं घेणारा साहेब मद्रासकडचा, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. इंग्रजीवाला साडू आमच्या पंचक्रोशीत माझ्या एकट्याकडंच होता. मी जरा छाती काढूनच निरोप धाडला. रविवारी साडूभाऊ सायकलवरून चावडीवर हजर झाले. घोंगडी अंथरली, डिक्शनरी सोडली, टाक झाडला आणि पहिल्याच माणसाला, म्हणजे आमच्या पाटलांना, विचारलं, "मूळचे कुठले?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्याकडं हा प्रश्न साधा नाही. सोयरीक जुळवायला बसलं की आधी पानसुपारी आणि मग हा प्रश्न. 'इथलेच' असं उत्तर देणारा माणूस हलका समजतात. प्रत्येक कुळी लांबून कुठून तरी आलेली असते, आणि जितकी लांबून तितकी मोठी. भाट दर थोड्या वर्षांनी येऊन वही वाचून सांगून जातात, आणि आम्ही ते जपून ठेवतो. पाटील मिशीला पीळ देऊन म्हणाले, "आमी मूळचे उज्जैनचे."

लगेच मागून दुसरा उठला. "आमी देवगिरीचे. पाटलाच्या आधी आल्यालो."

"आदी म्हंजी? वाटंत आमचीच घोडी मागून घेतली व्हती तुमी!"

तिसरा बिचारा गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, "आमी बाबा हितलंच." सगळी चावडी हसली. पाटील म्हणाले, "हितलंच? म्हंजी वारुळातनं निगाला व्हय रं?" तो लाजला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "न्हाई, आजा म्हनायचा खरा. राजपुतान्यातनं कुटनं तरी." मग सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "धार."

साडूभाऊंनी टाक थांबवला. "तुम्ही स्वतः कधी धारला गेला होता?"

"न्हाई."

"वडील? आजोबा?"

"कोन बी न्हाई. पन आमी धारचे."

"मग हेल बसत नाही," ते आनंदानं म्हणाले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या लग्नातही दिसला नसेल. "माणूस न जाता घराणं जिथून निघालं, तिथं ओरिजिनेटच." आणि त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत त्यांनी अख्खं गाव ओरिजिनेट करून टाकलं. उज्जैन, देवगिरी, धार, राजपुताना, एकाचं तर कनोज. अक्षर असं, की मोत्यांची माळ. आम्ही सगळ्यांनी खाली अंगठे उठवले, सह्या केल्या आणि इतक्या मोठ्या घराण्यांचे अर्ज एकत्र पाहून साहेब उठून उभा राहील, अशी आमची खात्री होती.

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत. कंपनीचा माणूस चावडीवर येऊन सांगून गेला, की तुमच्या गावात स्थानिक एकही नाही. सगळे बाहेरचे. साहेबानं नकाशावर बघितलंय.

काम मिळालं ते एकाच माणसाला. सोलापूरकडनं आलेला एक गवंडी, माझ्याच गोठ्याला लागून पाल टाकून राहायचा. त्याला त्या रविवारी चावडीवर कुणी बोलावलं नव्हतं, कारण तो परका. त्याचा अर्ज ठेकेदाराच्या मुकादमानं लिहिला होता. त्यात एवढंच, की हा इथं राहतो. तो मला पेढा द्यायला आला. "दादा, म्या लोकल झालो बघा!" माणूस चांगला होता. पेढा मी खाल्ला. 

मग गावानं साडूभाऊंच्या नावानं शंख केला. बायको म्हणाली, "आता जावा धारला, आन् तितं नांगर धरा." पाटील म्हणाले, "त्या ओरिजिनेटवाल्याला सांग, गावाचं मूळ खोडून दे." मी म्हणालो, खोडतो की. आधी तुमचं उज्जैन खोडू? तर पाटील म्हणाले, "आदी त्याचं देवगिरी खोडा." देवगिरीवाला म्हणाला, पाटलांचं खोडल्याशिवाय माझ्या कागदाला हात लावायचा नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचं मूळ खोडून हवं होतं. स्वतःचं कुणी खोडू देईना. आणि खरं सांगतो, मीही दिलं नाही. आजही देणार नाही. नोकरीपायी माणसानं धार सोडायची म्हणजे मग काय राहिलं?

साडूभाऊंकडं गेलो, तर ते माझ्यापेक्षा अवघड निघाले. "क्रियापद बरोबर आहे," एवढंच म्हणाले. आक्का रडली, माझी बायको रडली, दोघी बहिणींनी मिळून आम्हा दोघांशी बोलणं टाकलं. पण ते त्या दिवसांत रोज डिक्शनरी घेऊन बसत होते. एका संध्याकाळी सायकल घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "चला. उद्या साहेबाकडं जाऊ. खोडायचं काही नाही. पण एक क्रियापद शोधत होतो, ते सापडलेलं नाही, म्हणजे काम झालं." मला यातलं अक्षर कळलं नाही. पण मुंबईच्या गाडीपेक्षा त्यांची सायकल बरी, म्हणून दुसऱ्या दिवशी कॅरिअरवर डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो.

कंपनीची कचेरी तेव्हा पत्र्याची होती. टेबल, खुर्ची, भिंतीवर नकाशा, आणि दाराशी खेडकडचा एक शिपाई. साहेब आणि साडूभाऊ इंग्रजीत बोलायचे आणि शिपाई माझ्या कानात सांगायचा. त्याला इंग्रजी किती येत होतं देव जाणे, पण भरवशाचा वाटला.

साहेबानं माझा अर्ज काढला, नकाशावर पट्टी ठेवून धार दाखवलं. शिपाई म्हणाला, "साहेब म्हनतोय, इतक्या लांबनं ह्यो मानूस आला कशाला?"

साडूभाऊ काहीतरी लांबलचक बोलले.

"तुमचा साडू म्हनतोय, ह्यो न्हाई आला. ह्याचं पूर्वज आलं."

"मग?" मी विचारलं.

"साहेब म्हनतोय, मग ह्यो हितलाच की? ह्यालाच इचारा."

आणि शिपायानं मला सरळ विचारलं, "इथला का धारचा?" साहेब माझ्या तोंडाकडं बघत होता. हातात पेन उघडं. नुसतं 'इथला' म्हणायचं होतं, एक शब्द, आणि मुंबई टळत होती. शिपाई माझ्या पायावर पाय देऊन कुजबुजला, "हितला म्हन की राव, काम मिळंल!"

मी म्हणालो, "धारचा."

शिपायानं कपाळावर हात मारला. साहेबानं पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. आता गाठोडं बांधायचं.

तेव्हा साडूभाऊ उठून उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होतो, पण एखाद्या खोलीत ते इतके उंच कधी वाटले नव्हते. हळू बोलले, आणि आश्चर्य म्हणजे थोडंच बोलले. शिपाई ऐकत राहिला, मग माझ्याकडं वळला आणि त्याचा आवाजही खाली आला. "तुमचा साडू म्हनतोय, मानूस धारचा हाय, ते मी खोडनार न्हाई. पन साहेब, तुमची खुर्ची हाय ती ह्याच्या ज्वारीत हाय. त्या जमिनीला कुठनं आली म्हनून लिवायचं, म्हनून मी समदी डिक्शनरी बघितली. तिला शब्दच न्हाई. ती कुठनं आल्याली न्हाई. ती हितंच व्हती."

 साहेबानं खुर्चीखाली बघितलं. खाली नवीन फरशी होती. पण बघितलं खरं. मग साडूभाऊंकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"साहेब म्हनतोय, आनि बाबू, तुमी सोता कुटले?"

साडूभाऊ थांबले. मला वाटलं, आता हे दोन तास घेणार. त्यांच्या लग्नात आमच्या सासऱ्यांनी सरकारी नोकरीला दबून हा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि पुढं आम्हीही कधी विचारला नाही. लांबचे असतील, भारी असतील, असं धरून चाललो होतो. पण ते इंग्रजीत नाही, मराठीत, मला कळेल असं म्हणाले, "माहीत नाही साहेब. दुष्काळात कुणीतरी देहूरोडच्या फलाटावर ठेवून गेलं. छावणीच्या एका खानसाम्यानं वाढवलं."

शिपायाला हे साहेबाला सांगावं लागलं. त्यानं कसं सांगितलं कोण जाणे. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. साहेबानं पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या अर्जावर सही केली. मग आमच्या गावचा गठ्ठा मागवला आणि एकापाठोपाठ एक सह्या करत सुटला. शेवटी मान वर न करता काहीतरी पुटपुटला.

"काय म्हनला?" मी विचारलं.

"म्हनतोय, जमीन लोकल हाय. मानसं काय, कुठली बी असू देत."

बाहेर आल्यावर साडूभाऊ सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत निघाले. माझी मान ताठ होती, गाव सुटत नव्हतं, धार सुटलं नव्हतं. नाल्यापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "साहेबानं मला विचारताना क्रियापद चुकीचं वापरलं. माणसाला ओरिजिनेट विचारतात का? पण म्हटलं, जाऊ दे." मी नुसता "व्हय" म्हणालो.

चैत्रात आमच्या भैरवनाथाची यात्रा असते. त्या दिवशी गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून एकेका घराचा पुकारा करतो, आणि पुकारा झाला की त्या घरातला कर्ता पुढं होऊन नारळ फोडतो. पाहुणे, जावई, सोयरे मागं उभे राहून बघतात. नारळ कुणीही देवापुढं ठेवू शकतो, पण पुकारा फक्त गावच्या घराचा होतो. त्या वर्षी साडूभाऊ नेहमीसारखे पाहुण्यांत मागं उभे होते, कोट घालून. आमच्या घराचा पुकारा झाला, मी नारळ फोडला, आणि गुरवाला म्हणालो, आता साडूभाऊंच्या घराचा कर. गुरव म्हणाला, "त्यांचं घर हितं कुटं हाय?" मी पाटलांकडं बघितलं. पाटलांनी जरा वेळ मिशी चाळवली आणि म्हणाले, "कर रं पुकारा. उज्जैनवाला सांगतोय."

गुरवाला त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं. त्यानं गळा ताणून पुकारलं, "साडूभाऊंचं घर!" माणसं बाजूला झाली. ते पुढं आले, दगडावर नारळ आपटला, तो फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा फुटला आणि पाणी त्यांच्या कोटावर उडालं. वाटी हातात घेऊन ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. गुरवानं पुढच्या घराचा पुकारा केला तरी बाजूला होईनात, आणि त्यांना कुणी हटकलं नाही.

पुढं जितकी वर्षं पाय चालले तितकी ते यात्रेला येत राहिले. मी कंपनीत लागलो, तिथूनच पेन्शनीत निघालो. ते जाऊन आता खूप दिवस झाले. आक्काही गेली, त्यांचा मुलगा लांब कुठं नोकरीला असतो, येत नाही. देवळाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती उठल्यात आणि पुकारा आता त्या गुरवाचा नातू करतो. आमच्या घरानंतर तो "साडूभाऊंचं घर!" असं मोठ्यानं म्हणतो. खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी नवी पोरं हसतात, हे कसलं घर म्हणून. कुणी पुढं येत नाही. मग मीच पुन्हा पुढं होतो आणि दुसरा नारळ घेतो. माझ्या हातात पूर्वीचा जोर राहिलेला नाही. तो नारळ एका फटक्यात फुटत नाही, आणि गुरवाचा नातू पुढचा पुकारा न करता थांबून राहतो.